पोर्टलचं पान अर्धंच उघडतंय, होबळीची यादी रिकामी

निपाणी_झेरॉक्स
मंडळी नमस्कार. निपाणीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. एका सरकारी पोर्टलनं सध्या डोकं खाल्लंय. पान उघडतं, वरची पट्टी येते, नाव-पत्त्याचे रकाने येतात. जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, आणि खाली होबळीची (कर्नाटकात तालुक्यातल्या गावांचा गट) यादी उघडावी तर आत काहीच नाही. होबळी नाही म्हणून गाव नाही, गाव नाही म्हणून 'पुढे'चं बटण राखाडीच. कधीकधी तर तालुका निवडल्याबरोबर अख्खं पान पांढरं होतंय.

दुकानात दोन मशीन आहेत. एक जुना विंडोज ७ चा डेस्कटॉप, त्यावर हे पान पहिल्यापासून पांढरंच. दुसरा बऱ्यापैकी नवा लॅपटॉप, त्यावर वर लिहिलंय तसं होतंय. राउटर बंद-चालू करून झाला. बाकड्यावर माणसं बसून आहेत आणि जो तो म्हणतोय "सर्व्हर डाऊन असंल", खरं पलीकडच्या दुकानात अर्ज चाललेत की! काय बघू?

अनगोळकर
कॅशे क्लियर कर.

शिनोळी_फाटा
लॅपटॉप घेऊन आमच्याकडं ये. अर्धं गाव कर्नाटकच्या टॉवरवर, अर्धं महाराष्ट्राच्या. चहाच्या टपरीच्या डाव्या बाकावर बसलं की एक राज्य, उजव्या बाकावर दुसरं. कुठंतरी उघडंलच.

निपाणी_झेरॉक्स
@अनगोळकर, हिस्टरी, कॅशे, कुकीज, सगळं उडवलं. त्या नादात बाकीच्या साइटींची लॉगिनंपण गेली.

जुना_सायबरवाला
म्हणूनच मी कुणाला पहिल्या झटक्यात कॅशे उडवायला सांगत नाही. आधी दोष कुठं आहे ते शोधा, मग औषध. खडेबाजारात सायबर कॅफे चालवला तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

लॅपटॉप तोच, ब्राउझर तोच ठेवा आणि दुकानाच्या वायफायऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. चाललं तर दोष लाइनीत. नाही चाललं तर लाइन परत दुकानाची घ्या आणि ब्राउझर बदला, क्रोमच्या जागी फायरफॉक्स. चाललं तर दोष क्रोममध्ये. तरी नाही चाललं तर त्याच वायफायवर मोबाइलमधून बघा. मोबाइलवर चाललं तर दोष लॅपटॉपात, नाही चाललं तर तिकडच्या सर्व्हरचा संशय घ्यायचा.

इनकॉग्निटोतही एकदा उघडून बघा. तिथं जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथं चाललं तर जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन आडवं येत असणार.

नुसतं पान ताजं करायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. साठवलेलं बाजूला ठेवून सगळं नव्यानं मागवतं आणि लॉगिन जात नाही.

चिकोडी_मास्तर
सायबरवाल्यांशी सहमत, पण सर्व्हरचा दोष ओळखायला एवढं करावं लागत नाही. पानावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला की समजायचं गडबड पलीकडं आहे. ५०३ म्हणजे सर्व्हर म्हणतोय आत्ता जमणार नाही. ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरनं मागच्या सर्व्हरची वाट बघून हात टेकले. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पानच नाही. एसएसएलसीच्या (दहावीच्या) निकालाच्या दिवशी पोरं मोबाइल रिस्टार्ट करत बसतात, त्यांना दरवर्षी हेच सांगतो. तासाभरानं बघा, मार्क तेवढेच राहतात.

अनगोळकर
मास्तर, तासाभरात वाढले तर बरं झालं असतं 😄

डीएनएस_बदला
एवढं कशाला? राउटरात डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, विषय संपला. माझ्या घरी यानंच सगळं सुटलं.

जुना_सायबरवाला
@डीएनएस_बदला, तुमच्या घरी सुटलं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण डीएनएसचं काम साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणं, एवढंच. तो सापडला नाही तर पान सुरूच होत नाही, 'डीएनएस प्रोब फिनिश्ड' असली पाटी येते. निपाणीकरांना वरची पट्टी दिसतेय, जिल्हा-तालुका दिसतोय. मग डीएनएसला का धरायचं?

कोड_आणि_कुंदा
एक दुरुस्ती, काका. आजकालचं पान एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका सर्व्हरवरून, फॉन्ट दुसऱ्या, कॅप्चा तिसऱ्या, चित्रं चौथ्या. त्यातल्या एकाचाच पत्ता मिळाला नाही तर पान अर्धवट दिसू शकतं. त्यामुळे डीएनएस बदलून बघण्यात गैर काही नाही. पण या केसमध्ये मलाही तो दोषी वाटत नाही.

(मी मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात वेबसाइटी बनवायचं काम करतो.)

कणकुंबीचा_पाऊस
आमच्याकडचा प्रकार सांगतो. जून ते सप्टेंबर आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात लाईट रात्र-रात्र नसते. घरच्या जुन्या पीसीवर लाईट आली की सगळ्या साइटी लाल. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' म्हणायचं. बँकेची साइट, मेल, सगळंच. पोरगा म्हणाला व्हायरस. जांबोटीहून एक मेकॅनिक आला, त्यानं पहिल्यांदा खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. पीसी कितीतरी वर्षं मागं गेलेला!

मदरबोर्डवर रुपयाएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते. आणि साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा दाखला) अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. पीसीची तारीख त्या मुदतीच्या बाहेर, म्हणून ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट खोटं. किरकोळ किमतीचा सेल बदलला आणि सगळं सुरू.

वडगावची_वहिनी
हे भारी सांगितलंत भावोजी. आमच्या जुन्या मोबाइलवर पण असंच 'सुरक्षित नाही' येतं, तारीख मात्र बरोबर आहे.

कोड_आणि_कुंदा
वहिनी, तो अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा असेल तर कारण वेगळं आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटींना फुकट सर्टिफिकेट देते, असंख्य साइटी तीच वापरतात. त्या सर्टिफिकेटांवर जुने फोन ज्या मूळ सर्टिफिकेटच्या जोरावर विश्वास ठेवायचे, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि जुन्या फोनांसाठी पुढं चालू ठेवलेली सोयही २०२४ मध्ये संपली. नवं मूळ सर्टिफिकेट त्या जुन्या फोनांच्या यादीत नाही. अशा फोनवर फायरफॉक्स टाकला की बऱ्याचदा चालून जातं, कारण तो स्वतःची यादी बरोबर आणतो. पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, त्या फोनचं वय झालंय.

निपाणी_झेरॉक्स
तारीख बघितली, बरोबर आहे. आता सायबरवाल्यांनी सांगितलेलं करून बघितलं:

हॉटस्पॉट लावला, क्रोममध्ये यादी रिकामीच.
दुकानाच्या वायफायवर मोबाइलमध्ये होबळ्या आल्या.
लॅपटॉपवर फायरफॉक्स टाकला, तिथंपण यादी आली, खरं सगळं कन्नडमध्ये. मला वाचायला वेळ लागतो, गिऱ्हाईक थांबत नाही.

इनकॉग्निटो राहिलं. त्यात परत लॉगिन मागतंय, ओटीपी जातो अर्जदाराच्या मोबाइलवर, आणि तो माणूस कंटाळून बोरगावला निघून गेला.

जुना_सायबरवाला
शाबास. म्हणजे लाइन सुटली, सर्व्हर सुटला, लॅपटॉपही सुटला. आता आरोपी क्रोम एकटाच. एक्स्टेन्शन काय काय आहेत?

निपाणी_झेरॉक्स
एकपण नाही. अँटीव्हायरस विंडोजबरोबर येतो तोच.

लिनक्सभाऊ
विंडोज ७ वाल्या डेस्कटॉपबद्दल कुणीच बोललं नाही. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच बंद केलाय. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या जानेवारीतली. फायरफॉक्सची ११५ शेवटची. त्याच्यापुढं नवीन ब्राउझर बसतच नाही. साइटवाले नव्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट लिहितात, जुन्या ब्राउझरला त्यातली एक ओळ कळली नाही की तो ती फाइलच टाकून देतो. अख्खं पान त्याच फाइलीतून उभं राहणार असेल तर उरतं पांढरं. त्या डेस्कटॉपवर क्रोम १०९ पेक्षाही जुना असणार, बघा.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, ब्राउझर ताजा मिळतो.

निपाणी_झेरॉक्स
बघितलं, क्रोम ८० काहीतरी आहे. लिनक्सवर माझा प्रिंटर, स्कॅनर आणि बोटाचा ठसा घेणारं मशीन चालणार काय?

लिनक्सभाऊ
प्रिंटर बहुतेक चालेल. ठशाच्या मशीनचं… बघावं लागेल.

अनगोळकर
लिनक्सवाल्यांचं "बघावं लागेल" म्हणजे तुमचा रविवार गेला.

जुना_सायबरवाला
लिनक्सभाऊंचं निदान बरोबर, पण झेरॉक्स दुकानात लिनक्स टाकायचं धाडस मी करणार नाही. तूर्त त्या डेस्कटॉपवर १०९ बसवून बघा, पान आलं तर आलं. पण ज्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही त्या मशीनवर लोकांचे आधार नंबर टाईप करू नयेत. ते टायपिंग आणि प्रिंटपुरतं ठेवा.

मस्कतकर
इथं मस्कतमध्ये तर आपल्याकडच्या कितीतरी सरकारी साइटी उघडतच नाहीत. नुसतं चक्र फिरत राहतं. गावाकडच्या शेताचा उतारा बघायचा म्हटलं तरी भावाला फोन. तोच लॅपटॉप सुट्टीला हिंडलग्याला आणला की लगेच उघडतं.

कोड_आणि_कुंदा
कारण बऱ्याच सरकारी साइटी परदेशातून येणारी मागणी दारातच अडवतात, हल्ले टाळायला. तुमच्या लॅपटॉपात काही बिघाड नाही. फुकटचं व्हीपीएन घेऊन त्यातून आधार-बँक असलं काही उघडू नका एवढीच विनंती. भावाला फोन हाच उत्तम उपाय.

टिळकवाडी_फायबर
माझाही किस्सा घ्या. घरी नवीन फायबर आलं. व्हिडिओ पळतोय, सर्च पळतोय, आणि ठरावीक साइटीच अडकून बसायच्या. पान सुरू व्हायचं, अर्ध्यात थांबायचं. हॉटस्पॉटवर त्याच साइटी झकास. कंपनीचा माणूस येऊन स्पीड टेस्ट दाखवून जायचा, "सर, फुल स्पीड आहे".

शेवटी ऑफिसातल्या नेटवर्कवाल्यानं पकडलं. एमटीयू. लाइनीवरून एका वेळी जाणाऱ्या पाकिटाची कमाल लांबी. साधारण १५०० बाइट असते. पण युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ८ बाइट त्या जोडणीच्याच वेष्टनाला जातात, उरतात १४९२. मोठं पाकीट आलं की वाटेतल्या राउटरनं "लहान करून पाठव" असा निरोप पाठवायचा असतो. काही ठिकाणी हा निरोपच फायरवॉल अडवतं. मग पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि आपण चक्र बघत बसतो.

तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगला (पाकीट पोचतं का बघणारी आज्ञा) -एफ -एल लावून १४७२ टाका. नाही गेलं तर १४६४ टाका. १४६४ जातं आणि १४७२ अडतं, तर तुमची मर्यादा १४९२ (वरचे २८ बाइट शीर्षकाचे). माझ्या राउटरात १५०० लिहिलेलं होतं, १४९२ केलं आणि सगळं सुरळीत.

अनगोळकर
हा धागा मी प्रिंट काढून ठेवणार. निपाणीत झेरॉक्स किती रुपये पान?

निपाणी_झेरॉक्स
तुला डबल.

वडगावची_वहिनी
जरा विषयांतर. पूर्वी मराठी पेपरच्या साइटवर नुसते चौकोन दिसायचे ते का?

जुना_सायबरवाला
वहिनी, तो काळच वेगळा. तेव्हा प्रत्येक पेपरचा स्वतःचा फॉन्ट असायचा, तो उतरवून बसवल्याशिवाय वाचता येत नसे. बसवला नाही तर रोमन अक्षरांची भेळ दिसायची. चौकोन यायचे ते युनिकोड आल्यानंतर, मशीनमध्ये ती लिपी नसली की. विंडोज एक्सपीत देवनागरी धड दिसायला रिजनल सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'वर टिक करावी लागे, आणि टिक केली की ते सीडी मागायचं. कॅफेत बारा मशीन आणि सीडी एक. कन्नडसाठी 'तुंगा' आणि मराठीसाठी 'मंगल', हे दोन फॉन्ट नीट दिसले की गिऱ्हाईक खूश.

कधी अक्षराऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' ओळीनं दिसला तर तो फॉन्टचा दोष नव्हे. मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि ब्राउझर तो वेगळ्याच सांकेतिक पद्धतीनं वाचत असतो. आता ते क्वचित दिसतं.

कोड_आणि_कुंदा
निपाणीकर, परत तुमच्याकडं येतो. तुमचं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. फायरफॉक्समध्ये "सगळं कन्नडमध्ये" असं लिहिलंत. मग क्रोममध्ये कुठल्या भाषेत दिसतं?

आणि एक करा. क्रोममध्ये ते पान उघडून एफ १२ दाबा. शेजारी खिडकी येईल. त्यात 'कन्सोल'मध्ये लाल अक्षरात काय आहे बघा. मग 'नेटवर्क'वर जा, तालुका निवडा, त्या क्षणी जी नवी ओळ येईल तिच्यावर टिचकी मारा आणि काय पाठवलं, काय परत आलं ते सांगा.

निपाणी_झेरॉक्स
क्रोममध्ये मराठीत दिसतं की. आमच्या पुतण्यानं तसं सेट करून दिलंय.

कन्सोलमध्ये: 'फेल्ड टू एक्झिक्यूट रिमूव्हचाइल्ड ऑन नोड' आणि पुढं बरंच. हे पान पांढरं झालं तेव्हा आलं.
नेटवर्कमध्ये: तालुक्याच्या जागी मराठीत 'निपाणी' गेलंय. परत आलंय नुसता चौकोनी कंस, उघडा आणि बंद. आत रिकामं.

कोड_आणि_कुंदा
सापडलं. क्रोमचं आपोआप भाषांतर.

दोन वेगवेगळे बिघाड आहेत, दोन्हींचं मूळ एक.

पहिला, रिकामी यादी. पान बनवताना यादीतल्या प्रत्येक पर्यायाला आतून एक कोड द्यायचा असतो. तो दिला नाही तर ब्राउझर जे अक्षर दिसतंय तेच सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरच्या तक्त्यात तालुक्याचं नाव कन्नड लिपीत आहे. क्रोमनं पडद्यावर ते देवनागरी केलं आणि तेच तिकडं गेलं. सर्व्हरला असा तालुका सापडला नाही, त्यानं रिकामी यादी पाठवली. त्याच्या दृष्टीनं चूक झालीच नाही, म्हणून एररही नाही.

दुसरा, पांढरं पान. भाषांतर करताना क्रोम पानातला मजकूर काढून त्या जागी 'फॉन्ट' टॅगमध्ये गुंडाळलेला नवा मजकूर बसवतो. रिॲक्टसारख्या साधनानं बनवलेलं पान स्वतःच्या हिशेबात लिहून ठेवतं की अमुक तुकडा अमुक जागी आहे. तालुका बदलला की ते जुना तुकडा काढायला जातं, तर तो तिथं नसतोच. मग 'रिमूव्हचाइल्ड' म्हणत अख्खं पान कोसळतं.

मोबाइलवर भाषांतर सुरू नसणार, म्हणून तिथं चाललं. पलीकडच्या दुकानदाराला कन्नड येत असणार, म्हणून त्याच्याकडं चाललं.

पत्त्याच्या पट्टीत उजव्या बाजूला भाषांतराचं चिन्ह आहे. तिथून मूळ भाषा निवडा, मग तीन टिंबांत 'या साइटचं कधीही भाषांतर करू नका' निवडा आणि पान परत लोड करा.

निपाणी_झेरॉक्स
आली! होबळ्या आल्या, गावं आली, बटण निळं झालं. बोरगावच्या माणसाला फोन लावलाय.

पलीकडच्या दुकानदाराचं पण खरं आहे, तो गोकाकचा.

चिकोडी_मास्तर
निदान उत्तम. पण खरा प्रश्न पुढंच आहे. अर्ज वाचता येत नाही म्हणून माणूस भाषांतर लावतो, आणि भाषांतर लावलं की अर्ज मोडतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं ठरलेलं आहे. कागदावर ते आहे. पोर्टलवर कधी येणार? महाजन आयोगापासून

व्यवस्थापक
मास्तर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तिथं तुमचेच निम्मे प्रतिसाद आहेत. इथं ब्राउझर.

चिकोडी_मास्तर
बरं.

शिनोळी_फाटा
मास्तरांचं वाक्य पण अर्धंच लोड झालं 😂

वडगावची_वहिनी
पण मास्तरांचा मुद्दा राहतोच की. कन्नड वाचता न येणाऱ्यानं करायचं काय?

जुना_सायबरवाला
आधी पोर्टलवरच इंग्रजीचं बटण आहे का बघायचं, पुष्कळ ठिकाणी असतं. ते साइटनं स्वतः दिलेलं असतं, त्यानं काही मोडत नाही. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून गूगल लेन्सनं वाचायचं. त्यात भाषांतर मोबाइलमध्ये होतं, लॅपटॉपातलं पान जागचं हलत नाही.

कोड_आणि_कुंदा
किंवा दोन टॅब. एकात भाषांतर लावून नुसतं वाचा, दुसऱ्यात मूळ ठेवून भरा. पण साइटनुसार 'कधीही नको' लावलेलं असेल तर ते दोन्ही टॅबला लागतं, तेव्हा वाचायचा टॅब दुसऱ्या ब्राउझरात घ्या.

पान बनवणाऱ्या मित्रांसाठी: पर्यायाला कोड द्या आणि त्या यादीला 'ट्रान्सलेट = नो' लावा. फार वेळ लागत नाही.

निपाणी_झेरॉक्स
फायरफॉक्समध्ये भरतो, क्रोममधलं 'कधीही नको' काढून तिथं वाचतो, तसंच ठेवलंय. या पोर्टलच्या अर्जातले कन्नड शब्द तेच तेच असतात, एका कागदावर मराठीत अर्थ लिहून भिंतीला लावला. डेस्कटॉपवर क्रोम १०९ पण टाकला. पान आता पांढरं नाही, खरं कॅप्चाचं चित्र येत नाही.

लिनक्सभाऊ
एफ १२ दाबा, नेटवर्कमध्ये कॅप्चाची ओळ लाल आहे का बघा. आणि मिंटचा पेनड्राइव्ह लावून न बसवता नुसतं चालवून बघता येतं. डिस्कला हात लागत नाही, ठशाचं मशीन चालतंय का तेही कळेल.

निपाणी_झेरॉक्स
रविवारी बघतो.

अनगोळकर
गेला रविवार.